सातवा बोंबील

देवकीबाय,

तू जाऊन सव्वा महिना झाला आणि अजून माझ्या मानेवर तुझा ओला हात पडतो. तोही भर दुपारी. भुतं रात्री फिरतात म्हणतात, पण तू जन्मभर पहाटे धक्क्यावर आणि दिवेलागणीला अंथरुणात अशी बाई. रात्रीचं भूत होणं तुला परवडायचं नाही. एखादा पुरुष छाती धरून, ओरडत, चौघांच्या खांद्यावरून आमच्या कॅज्युअल्टीत येतो, मी त्याच्याकडे धावतो, आणि मागून तो हात. गार, मासळीच्या वासाचा.

"मेल्या, तो दिसतोच आहे. त्याच्याबरोबर आलीय तिला बघ."

मी बघतो. गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्याच्या सुनेला मी जबरदस्तीने खुर्चीत बसवून तिचं मनगट धरलं. ती म्हणाली, "अहो, मला काही नाही, मी सही करायला आलेय." तिला खरंच काही नव्हतं. तिचा ईसीजी अगदी व्यवस्थित आला. डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते की आता माझाच काढायला सांगतील.

तुझं वय, तुझं कुळ, तुझ्या घरच्या बोटी, यातलं काही मी लिहिणार नाही. वय तर तू मला दर वर्षी वेगळं सांगितलंस आणि ते दर वर्षी कमी होत गेलं. वाचणाऱ्याला एवढं पुरे की तू डहाणूच्या बाजारातली मासेविक्री करणारी बाई, आणि मी डहाणूला राहून तलासरीत नोकरी करणारा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. चौदा वर्षं आपण दोघं भांडलो. त्यातलं शेवटचं भांडण झालंच नाही. सगळा घोळ तिथे आहे.

आपली पहिली भेट तुला मी हजारदा सांगितली आहे आणि तू हजारदा दुरुस्त केली आहेस. आज दुरुस्त करायला तू नाहीस, म्हणून नाइलाजाने खरी सांगतो.

तलासरीचा आठवडी बाजार. तू डहाणूहून जीपने सुकट आणि सुके बोंबील घेऊन यायचीस आणि तुझ्या शेजारी गोविंदभाई कांद्यांचा ढीग मांडायचा. हायवेलगतच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात दुपारी एकदम आरडाओरडा झाला. तू गोविंदभाईला काखेत धरून आणत होतीस. तो म्हणजे काय, अहाहा! मूठ छातीवर, डोळे वर, कपाळावरून घाम, पाय लटपटताहेत.

"मरी गयो! ब्रदर, हुं तो मरी गयो!"

मला पडदा वर गेल्यासारखं वाटलं. पुस्तकात छापावा असा पेशंट. मी त्याला आडवा केला, शर्टाची बटणं तोडली, वायरी लावल्या, दहा मिनिटांच्या आत ईसीजी हवा हा नियम चार मिनिटांत पाळला. माझी मलाच टाळी द्यावीशी वाटत होती. तू मागे बाकावर बसलीस. मी मशीनचा कागद आणायला तुझ्या समोरून पळत गेलो तेव्हा तू माझ्या शर्टाचं टोक धरलंस.

"ब्रदर, माझा जबडा ठणकतोय."

मी न थांबता म्हणालो, "मशेरी सोडा, बाय!"

बाकावरचे सगळे हसले. मला आवडलं ते हसणं. मला कुणीही हसलेलं आवडतं, तुला माहीत आहे.

गोविंदभाईचा कागद ठीक आला. आणखी एकदा काढायचा म्हणून त्याला तसाच निजवून ठेवला होता, तेवढ्यात शेवंती सिस्टर औषधांच्या खोलीतून आल्या. शेवंती सिस्टर रानशेतकडच्या. दिवसाला पन्नास शब्द बोलायच्या, त्यातले चाळीस पेशंटशी. त्या तुझ्यापाशी थांबल्या.

"ही सुकटवाली इथं का बसलीय?"

"गोविंदभाईला घेऊन आली."

"हिने सकाळी मला सुकट मी बोलले त्या भावात दिली."

"मग नशीब तुमचं, सिस्टर."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुझ्यासमोर उकिडव्या बसल्या, हाताची मागची बाजू तुझ्या गळ्याला लावली. तू घामाने भिजली होतीस आणि कातडी गार होती.

"बाय, आज भांडली का नाहीस माझ्याशी?"

"जीव झाला नाही," तू म्हणालीस.

"कधीपासून?"

"परवापासून टोपली जड लागते. पाठीत, खांद्यांच्या मधे, कोणी खुंटी मारल्यासारखं. आज जबड्यातून कळ येते. याला सांगितलं मी."

याला म्हणजे मला.

"वायर लाव," सिस्टर म्हणाल्या.

मशीन एकच. गोविंदभाईच्या छातीवरच्या वायरी काढल्या तेव्हा तो चक्क उठून बसला. "अने मारुं शुं?" म्हणजे, माझं काय? तुझ्या छातीवर त्या लावल्या, कागद सरकत बाहेर यायला लागला, आणि मी तो फाडून घेऊन डॉक्टरांकडे पळालो. पुढचं सगळं भराभर झालं. गोळी चावायला दिली, सलाईन लावलं, अँब्युलन्स आली आणि तू गुजरातच्या सीमेपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलीस. अँब्युलन्सचं दार लावताना तू दिवसभरात पहिल्यांदा ओरडलीस, "माझी टोपली!" टोपली संध्याकाळपर्यंत गोविंदभाईने राखली. त्याला भज्यांचा गॅस झाला होता. तो अजून कांदे विकतो आणि अजून सांगतो की त्या दिवशी त्याच्या वायरी तुला दिल्या.

रात्री, नव्हे, संध्याकाळीच, घरी जाताना सिस्टर मला म्हणाल्या, "पुरुषाचं दुखणं ऐकू येतं. बाईचं दुखणं, तिच्यात काय बंद पडलं त्यावरून ओळखायचं." आणि थोडं चालून पुढे, "तू ऐकतोस फार. बघत नाहीस."

दोन महिन्यांनी तू मला डहाणूच्या बाजारात गाठलंस. मी पिशवी घेऊन निवांत चाललो होतो.

"हा बघा गं! हाच तो! मशेरी सोडा म्हणणारा!"

ओळीतल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. मी पळालो असतो, पण पुढे कोळंबीवाली, मागे बर्फाची हातगाडी. तू मला बोलावलंस, बोंबलांचा वाटा पुढे केलास आणि असा काही भाव सांगितलास की मी हृदयावर हात ठेवला. "घे, आता याला झटका आला," तू म्हणालीस, आणि आपलं लग्न लागल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी दुसऱ्या कुणाकडून मासळी घेतली नाही. घेण्याची हिंमत नव्हती.

आपला नेम ठरलेला. तू भाव सांगायचीस, मी निम्मा सांगायचो, तू माझ्या खानदानाचा उद्धार करायचीस. मी निघून जायचो, तू हाक मारायचीस, मी ऐकू न आल्यासारखं करायचो, तू दुसऱ्यांदा हाक मारायचीस ती बंदरापर्यंत जायची. मग सौदा पटायचा. तू सात बोंबील माझ्या पिशवीत टाकायचीस, आणि सगळ्यांदेखत हात घालून त्यातला एक परत काढायचीस.

"हा माझा. तोंड चालवल्याचा."

चौदा वर्षं माझ्या घरी सहाच बोंबील पोचले. माझी बायको सुमन पिशवी मोरीत उलटी करायची, सहा बघायची आणि तेल तापत ठेवायची.

आणि आपला दुसरा वाद. तो अजून लटकलेला आहे, बाय. त्याचा निकाल लागायचा राहिला.

तुला माझा पुरुषाचा झटका फार आवडायचा. गिऱ्हाईक नसलं की तू म्हणायचीस, "करून दाखव गं, म्हणजे दाखव रे, ह्या नव्या पोरीला." मी पिशवी खाली ठेवायचो. मूठ छातीवर, डावा हात लोंबता, चेहरा राखेसारखा, "हत्ती बसलाय हो, हत्ती!" बायका पदरात तोंड घालून हसायच्या. एकदा एका अनोळखी गिऱ्हाइकाने मला खरोखरच पाणी पाजलं. मग तू म्हणायचीस, "आता बाईचा कर."

मी उभाच राहायचो. काय करणार? दम लागतो, पाठ भरून येते, मळमळतं, चार दिवस अंगात त्राण नसतं. यात करून दाखवण्यासारखं काय आहे?

"म्हणूनच मरतो आम्ही," तू म्हणालीस. "आमच्या मरणात तुला नाटक सापडत नाही."

मी हटलो नाही. मी म्हणालो की बायका सांगतच नाहीत. मी नव्या नर्स मुलींना हेच शिकवतो: बायकांच्याही छातीत दुखतं, हे आधी डोक्यात घ्या, नाहीतर छाती सोडून जबडाच तपासत बसाल. पण बाई ते पहिलं बोलत नाही. आधी दम लागतो म्हणेल, मग पाठ, मग ओकारी आल्यासारखं, मग घरात कोण कोण आजारी आहे ते, आणि उठता उठता, "थोडं इथं दाबल्यासारखं होतं, पण ते राहू द्या." ते "राहू द्या" आलं की तिला उठू द्यायचं नाही.

"आम्ही सांगतो," तू म्हणालीस. "तुम्हाला ऐकू येत नाही. मी तुझा शर्ट धरून सांगितलं होतं."

मग घोलवडचा तो चिकूवाडीवाला आला. एकटाच, स्वतः मोटरसायकल चालवत. ना हत्ती, ना घोडा. "सोडा प्यायलो, पण ढेकर येत नाही," एवढंच म्हणाला, आणि त्याच्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं. मी मूर्खासारखा तुला ते सांगितलं. तू तीन दिवस बाजारात मिरवलीस. "बघ! पुरुषही गप्प येतात. मग बाई-पुरुषाचा फरक कुठे राहिला? फरक तुझ्यात आहे. तू आवाजाकडे पळतोस." मी म्हणालो की दहा पुरुषांत असा एखादा. तू म्हणालीस की तो एखादाही कुणाचा तरी आहे. मी म्हणालो की नंतर बोलू.

एकदा मात्र तूच बाईचा झटका करून दाखवलास. आठवतं? काही नाही केलंस. डोक्यावरची टोपली रोजच्या जागेच्या चार पावलं अलीकडे टेकवलीस, पदराने ओठावरचा घाम पुसलास आणि माठाकडे बघत राहिलीस. "झालं," म्हणालीस. सगळी ओळ गप्प झाली होती. मी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या आता मला ऐकू येतात.

असं नाही की मी काही शिकलो नाही. शेवंती सिस्टर रिटायर झाल्या, पण त्यांचं वाक्य मी ठेवून घेतलं. बाईला घेऊन येणाऱ्याला मी एकच विचारतो, आज हिने रोजचं काय केलं नाही? उधव्याकडचा एक म्हातारा बायकोला घेऊन आला. दाढ दुखते, दुसरं काही नाही, म्हणाला. मी विचारलं. त्याने बराच विचार केला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि लाजत म्हणाला, "सकाळपासून मला शिवी दिली नाही हिने." मी त्या बाईला तिथेच आडवं केलं. ती वाचली. पुढच्या बाजाराच्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात उभं राहून तिने नवऱ्याला जी शिवी हासडली, तिच्याइतकं सुंदर संगीत मी ऐकलेलं नाही. हे तुला सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की वजनकाटा उलटला.

म्हणजे मला येत होतं. हे लिहायलाच हवं. मला सगळं येत होतं.

त्या सकाळी मी रात्रपाळी उतरून आठच्या सुमाराला बाजारात आलो. युनिफॉर्म पिशवीत. तू तुझ्या जागेवर. मला बघून तू म्हणालीस, "आज टोपली जड लागली रे."

मी म्हणालो, "बोंबील पाणी पिऊन आलेत वाटतं!"

शेजारच्या दोघी हसल्या. तेच हसणं, चौदा वर्षांपूर्वीच्या बाकावरचं. आणि मला ते तसंच आवडलं.

तू भाव सांगितलास. मी निम्मा सांगितला आणि शिव्या झेलायला छाती पुढे काढून उभा राहिलो.

"ने," तू म्हणालीस.

"काय?"

"ने रे. पिशवी उघड."

सात बोंबील पिशवीत पडले. तुझा हात पिशवीच्या तोंडापर्यंत आला, असं मला आता वाटतं, आणि परत मांडीवर गेला. असंही वाटतं की तू पदराने ओठावरचा घाम पुसलास. पण हे मी नंतर रचलं असेल. माझ्यावर विश्वास ठेवू नये, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? खरं एवढंच, की मी मागे वळून बघितलं नाही. मी जिंकलो होतो. मी मच्छीबाजारातून असा चाललो होतो जसा वरातीत नवरदेव.

घरी येऊन मी पिशवी उंच धरली. "सुमन! सात!"

सुमनने मोरीत बघितलं. "तिने तिचा काढून नाही घेतला?"

"नाही!"

"आणि भाव?"

"माझा!"

ती हातात सुरी घेऊन तशीच उभी राहिली. "बरी आहे ना ती?"

शेवंती सिस्टरांचा प्रश्न, बाय, माझ्या स्वयंपाकघरात, ज्या बाईने कधी ईसीजी बघितला नाही तिच्या तोंडून. आणि मी, ज्याने शेकडो काढले, मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हरली आज, हरली!" आणि जाऊन झोपलो.

चारला उठलो तेव्हा फोन येऊन गेले होते. तू अकराच्या आधीच मासळी तशीच ठेवून घरी गेली होतीस, आडवी झालीस, आणि तिथून कुणी तुला उठवायच्या आत गेलीस. ताटात झाकून ठेवलेले तळलेले बोंबील होते. मी झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं.

आठ वाजता तुझं मनगट धरलं असतं तर तू वाचली असतीस का? मी डॉक्टरांना विचारलं नाही. ते खरं सांगतील अशी भीती वाटते. कुठलंही खरं.

पण त्याहून वाईट मी पुढे केलं.

तेराव्याला तुझ्या घरी माणसं दाटली होती. तुझी सून वंदना मला पाणी द्यायला आली आणि ग्लास धरूनच उभी राहिली.

"ब्रदर, त्या सकाळी तुम्ही भेटलात ना तिला? कशी होती आई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्यासमोर कुणी असं बघायला लागलं की मला काय होतं, हे तुला सांगायला नको. मी उठलो. खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा खोचला, कमरेवर हात ठेवले आणि तुझा आवाज काढला. "निम्मा? तुझ्या बापाने खाडीत बोंबील सोडलेत का रे?" मी मला हाकललं. मी निघून गेलो. मी तुझ्या आवाजात मला दोनदा हाक मारली, दुसरी बंदरापर्यंत गेली. मी पिशवीत हात घालून बोंबील काढला. "हा माझा! तोंड चालवल्याचा!"

घर हसत होतं आणि रडत होतं. तुझा मुलगा भिंतीला टेकून हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वंदनाने तर असा श्वास सोडला, जसा डोक्यावरची टोपली कुणीतरी उतरवून घेतल्यावर सुटतो. मला वाटलं, चला, एवढं तरी दिलं मी या घराला. आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला प्रयोग तो. एक शब्द खरा नव्हता त्यात.

माझं खोटं दुसऱ्या दिवसापासून बाजारात फिरायला लागलं. बर्फवाला मला सांगायचा, "बायने शेवटच्या सकाळीपण तुम्हाला सोडलं नाही म्हणे." गोविंदभाईने तलासरीच्या बाजारात ते गुजरातीतून सांगितलं, वर स्वतःच्या दोन शिव्या घातल्या. मी मान हलवायचो. आणि दुपारी मानेवर तो गार हात पडायचा.

काल मी हिंमत करून तुझ्या जागेवर गेलो. वंदना बसायला लागली आहे हे ऐकलं होतं. तुझाच पाट, तुझाच वजनकाटा, एक बाजू अजून वाकलेली. तिने सात बोंबलांचा वाटा पुढे केला आणि भाव सांगितला. सवयीने माझ्या तोंडून निम्मा गेला.

"घ्या," ती म्हणाली.

बाय, माझ्या हातातून पिशवी पडली. मी पाटाच्या पलीकडे वाकून तिचं मनगट पकडलं.

"जबडा दुखतो? पाठ? खांद्यांच्या मधे? मळमळतं का? टोपली जड लागली आज? घाम बघू!"

"अहो! अहो ब्रदर!"

"ब्रदर, हात सोडा तिचा, नवरा तिचा धक्क्यावरच आहे!" शेजारची ओरडली. अख्खी ओळ उभी राहिली. कोळंबीवालीने कोयता उचलला. मी मात्र ठोके मोजत होतो. जोरात पडत होते, पण एकसारखे. कुठेही न चुकता.

"मला काय धाड भरलीय!" वंदना तोंड लाल करून म्हणाली. "तुमच्याशी भाव करायची लाज वाटली म्हणून दिले. आईशी शेवटचं बोललेले तुम्ही."

मी हात सोडला. तिने मनगट चोळलं, आणि चोळता चोळता तिचा हात थांबला. तिने वर बघितलं.

"आईलाही असं विचारलं होतं का त्या सकाळी?"

"नाही."

"का?"

"त्या दिवशीही तिने 'ने' म्हटलं. मला वाटलं, मी जिंकलो."

मग मी तिला सगळं सांगितलं. उभा राहिलो नाही, आवाज काढले नाहीत. टोपली जड लागली हे तू म्हणालीस ते, त्यावर मी काय म्हणालो ते, पिशवीतले सात. तेराव्याचं खोटं होतं हे. देवकीबाय, मी इतकं कमी बोलून गोष्ट कधी सांगितली नव्हती. अर्ध्या मिनिटात संपली.

वंदना मासळीवर पाणी शिंपडत होती. एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

"तिने वेणी माळली नव्हती," ती म्हणाली. "अबोलीची. मीच ओवून ठेवली होती. रोज मी टोपली उचलून देते, तेव्हा ती केसांत खोचलेली असते. त्या दिवशी नव्हती. मला दिसलं. म्हटलं, उशीर झाला म्हणून राहिली असेल." तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तेराव्याला तुम्ही म्हणालात की आई भांडली, तेव्हा वाटलं, सुटले. म्हणजे वेणीचं तसं काही नव्हतं."

म्हणजे तिच्या डोक्यावरून मी जे उतरवलं होतं ते मीच काल परत ठेवलं. ओळीतल्या बायका एक एक करून खाली बसल्या. कोळंबीवालीने कोयता ठेवला.

शेवटी वंदनाने पदराने नाक पुसलं. पडलेली माझी पिशवी उचलली, झटकली, सात बोंबील तीत टाकले.

"पैसे मी सांगितले तेवढे द्या," ती म्हणाली. "निम्मा कसला? लाज आहे का?"

मी दिले. पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर तिने ती मागे ओढली. आत हात घातला, एक बोंबील काढला आणि इतर मासळीपासून दूर, ओल्या गोणपाटावर एकटाच ठेवला.

"हा आईचा."

घरी सुमनने पिशवी मोरीत उलटी केली. बोटाने एकेक मोजला.

"सहा," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "बरी आहे ती."